सोजराबाईची मूठ

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि मी साखरखेर्ड्याजवळच्या एका गावात नवाच ग्रामसेवक होतो. नवा म्हणजे मिसरूड फुटलेला दीडशहाणा. त्या वर्षी हरभऱ्यासाठी जिवाणूंची पाकिटं मिळणार होती. काळी भुकटी, आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव. बियाण्याला चोळले की ते मुळावर गाठी धरतात आणि हवेतलं खत पिकाला देतात.

मी चावडीसमोर भाषण ठोकलं. या जिवांना ओल लागते, सावली लागते, खायला गूळ लागतो. कडक ऊन लागलं की मेले.

"म्हंजे पुडीत जित्राब भरून आणता का, साहेब?" कोणीतरी बोललं आणि चावडी हसली.

सोजराबाई तेवढी हसली नाही. "इरजनासारखं हाय म्हना," ती म्हणाली. "कढत दुधात टाकलं तं दही लागत नाई."

मी पुस्तकात वाचलेलं तिला चुलीपाशीच कळलेलं होतं.

ही बाई गावात ओळखली जायची ती तिच्या मुठीसाठी. तिफण पुढे चालते आणि मागून बाई चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, मुठीतून दाणे सोडत जाते. मूठ सैल पडली की बी दाट, आवळली की विरळ. सोजराबाईची मूठ म्हणजे दाणा न् दाणा जागच्या जागी. पेरणी आली की लोक आधी तिला सांगून ठेवत, मग बैल बघत.

तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, मोतीरामनं, नाल्याकाठचं दीड एकर या प्रयोगाला दिलं. तिथं हरभरा कधीच झाला नव्हता.

पाकिटं मी तालुक्याहून आणली. एस.टी.च्या टपावर पिशवी टाकली, वाटेत दुसरबीडला उतरलो. ओळखीचे मास्तर भेटले, पत्ते मांडले. पिशवी बाहेर, टिनाच्या शेडला टेकून, ऑक्टोबरच्या उन्हात. चार तासांनी उचलली तर पाकिटाचा हाताला चटका बसला. मला तिथंच कळलं. पण नवी पाकिटं मागवायची तर पंधरा दिवस जाणार, वर साहेबांची बोलणी. थोडे मरतील, थोडे जगतील, अशी मनाची समजूत घातली आणि नेऊन दिली.

सोजराबाईनं ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. गुळाचं पाणी थंड झालं की नाही हे तिनं तीनदा बोट घालून पाहिलं. बी सावलीत वाळवलं. मोतीराम विडी पेटवायला लागला तर त्याला अंगणाबाहेर पिटाळलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पेरणी झाली. इतकं तर लोक बाळंतिणीलाही जपत नाहीत.

महिन्याभरात हरभरा पिवळा पडला. मुळावर एक गाठ नाही.

ती रोप उपटून माझ्याकडे आली. "भाऊ, माह्याकून काय चुकलं? पानी गरम होतं का? म्या मारलं का त्याईले?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

गावानं काय ते ठरवून टाकलं: सोजराबाईच्या हाताचा गुण गेला. पुढल्या पेरणीला तिला कोणी बोलावलं नाही. माझी बदली झाली आणि मी सुटलो. सुटलो कसला! हरभऱ्याचं रान दिसलं की आजही मान खाली जाते.

अकरा वर्षांनी कामानिमित्त त्या गावावरून जात होतो. नाल्याकाठी पेरणी चालली होती. मोतीराम तिफण हाकत होता, चाड्यावर त्याची सून होती. सोजराबाई बांधावर बियाण्याची टोपली घेऊन बसलेली, केस पांढरे झालेले.

"तुम्ही नाही पेरत?" मी विचारलं.

"माह्या हातात जीव टिकत नाई, भाऊ. तुमीच तं पाह्यलं."

मग मात्र राहवलं नाही. एस.टी.चा टप, पत्ते, शेड, चटका, सगळं सांगितलं. पाकिटातले जीव तुमच्या हाती येण्याआधीच मेले होते, म्हणालो.

तिनं टोपली खाली ठेवली.

"मंग त्या वक्ती काऊन नाई बोलले?"

ती उठून तिफणीपाशी गेली. मोतीरामनं बैल थांबवले. सुनेनं ओटीतलं बी तिच्या ओटीत घातलं. सोजराबाईनं चाड्याला हात लावून कपाळाला लावला, मूठ भरली आणि बैल निघाले.

दहा पावलं गेली असतील. वातानं तिची बोटं वाकडी झाली होती. मूठ पुरती मिटतच नव्हती. दाणे चाड्यात एकदम सांडत होते, काही बाहेर, ढेकळांवर. ती थांबली. सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि सुनेच्या ओटीत टाकले.

"आता हाताचा गुन खरंच गेला, भाऊ," ती म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली.