यूच्या जागी डबल ओ

तिने सातव्या बाटलीवरचा कोड फोनने स्कॅन केला आणि सातव्यांदाही तेच पान उघडलं. तेलाची माहिती नाही, कंपनीचं नाव-गाव नाही. वर नुसतं ‘झुळूक’ आणि खाली एकेका ओळीच्या नोंदी. ‘आज वारा पश्चिमेचा. दोरीवरचा टॉवेल शेजाऱ्यांकडे गेला.’ ‘आज वारा नाही. पडदा हललासुद्धा नाही.’ शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची.

“वहिनी, हे काय आहे?” धाकट्या दिराने मागून डोकावून विचारलं.

“वेबसाइटच्या पत्त्यात यूच्या जागी डबल ओ पडलाय,” ती म्हणाली. “माझ्याकडून.”

डोक्याला लावायच्या थंड तेलाचा त्यांचा छोटासा कारखाना. कोड स्कॅन केल्यावर कुठल्या तरी परक्या कंपनीचा पत्ता दिसण्याऐवजी आपल्या तेलाचं ‘झुळूक’ हेच नाव दिसावं, म्हणून त्यांनी नुकतंच स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं होतं. नाव तिनेच नोंदवलं होतं आणि लेबलांसाठी कोड तयार करताना तिनेच ते चुकीचं टाइप केलं होतं. तेव्हा तिची आई जाऊन पाच दिवस झाले होते. घरी बसून तरी काय करायचं, म्हणून ती कामावर आली होती.

आता बारा हजार बाटल्या दुकानांत पोचल्या होत्या. छातीत धस्स व्हायला हवं होतं. तिने क्षणभर वाट पाहिली. काही झालं नाही. तिने बाटली पुन्हा रांगेत सरळ लावून ठेवली.

“डबल ओवालं डोमेनही विकत घेऊन टाकू,” दीर म्हणाला. “मालक कोण आहे ते बघा.”

पानाच्या तळाशी फोन नंबर होता. उचलणारा माणूस वयस्कर वाटला. तिने तेलाचं नाव सांगताच म्हणाला, “या की दुकानात. सकाळी फारसं कोणी नसतं.”

दुकान चष्म्यांचं होतं. काउंटरमागे एक म्हातारे गृहस्थ फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होते. तो पूर्ण बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“तेलवाल्या ना तुम्ही?” त्यांनी काउंटरखालून तिचीच बाटली काढली. अर्धी संपलेली. “झाकण आधी दाबायचं आणि मग फिरवायचं. हे कळायला मला दोन दिवस लागले.”

“तुम्ही कशाला विकत आणलीत?”

“लोक विचारतात ना.”

त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. नोंदींच्या खाली पाहुण्यांनी निरोप लिहायची जागा होती. झाकण उघडत नाही. तेल केस धुवायच्या आधी लावायचं की नंतर? आणि हे वाऱ्याचं काय लिहिलंय? प्रत्येक प्रश्नाखाली छोटंसं, नीट उत्तर होतं. उत्तराशेजारी दर वेळी एका बाईंचा तोच फोटो. वाऱ्याने केस चेहऱ्यावर आलेले, डोळे बारीक केलेले.

“ही आमची मंडळी,” चष्मेवाले म्हणाले. “वाऱ्याच्या नोंदी तिच्या, खातंही तिचंच. मी लिहिलं तरी फोटो तिचाच येतो. तो बदलायचा कसा, मला ठाऊक नाही.” त्यांनी काच पुसायचं फडकं हातात घेतलं. “म्हणजे, मी शोधलं नाही.”

खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘धन्यवाद मावशी.’ ‘काकू, उघडलं एकदाचं!’

तिने पर्समधून दिराने किंमत लिहून दिलेला कागद काढला. “आम्हाला हे डोमेन विकत हवं होतं.”

“पुढची लेबलं बरोबर छापाल ना?”

“हो.”

“मग या बाटल्या संपेपर्यंतचाच प्रश्न आहे. तुमच्या पानाची लिंक मी सगळ्यात वर टाकतो. डोमेन मात्र राहू दे.”

काय काय बोलायचं ते ती रस्ताभर ठरवत आली होती. तिने कागदाची घडी घालून तो परत पर्समध्ये ठेवला.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “एका ठिकाणी अडलंय माझं.”

त्यांनी दाखवलेला निरोप परवाचा होता. ‘मावशी, हे तेल बाळाच्या टाळूला चालेल का? तीन महिन्यांचं आहे.’

“मला माहीत नाही, आणि उगाच काहीतरी ठोकून देववत नाही.”

“नाही चालणार!” तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. “कापूर आहे त्यात. लावलं तर नसेल ना तिने?”

ते खुर्चीतून उठले. “मग तुम्हीच लिहा.”

ती बसली. ‘नको. यात कापूर आहे, बाळाला अपाय होईल. लावलं असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.’ तिने एकेक अक्षर तीनदा तपासलं आणि मगच बटण दाबलं. उत्तराशेजारी बाईंचा फोटो आला.

एक गिऱ्हाईक येऊन चष्म्याची दोरी घेऊन गेलं. मग पडद्यावर नवी ओळ उमटली.

‘नाही लावलं मावशी. तुमच्या उत्तरासाठीच थांबले होते.’

चष्मेवाल्यांनी वाकून ती वाचली. मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचली.

“आता काय लिहू?” तिने विचारलं.

“ती असती तर,” ते म्हणाले, “बाळाची चौकशी केली असती.”

तिने ‘बाळ कसं आहे?’ असं लिहिलं, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि उत्तराची वाट बघत बसली.