तिसरं 'नको'

चर्चच्या वर्धापनदिनाला एकटीनं गायचं गीत शिवणकाम करणाऱ्या मावशींचंच, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मावशींनी मात्र ते कधी एका झटक्यात घेतलं नाही. आधी "मी कुठली मोठी गाणारी", मग "दुसऱ्या कुणाला संधी द्या", आणि शेवटी डोळे मिटून "देवाच्या दारात मी अगदी शेवटची". तीनदा नको म्हणून झालं की जुने पाळक हात जोडायचे आणि मावशी नाइलाजानं हो म्हणायच्या. नाइलाज कसला डोंबलाचा! गीत कधीचं शिलाई मशीनवर घोटून तयार असायचं.

यंदा पाळक नवे होते. सरावाच्या खोलीत त्यांनी विचारलं. मावशींनी पहिलं नको म्हटलं, दुसरं म्हटलं, डोळे मिटून तिसरंही म्हटलं.

"बरं," पाळक म्हणाले. "किती मोठं मन तुमचं! मग तुमच्या धाकट्या जाऊबाई गातील."

मावशींनी खाडकन डोळे उघडले. पाळक चेष्टा करत नव्हते. त्यांनी बिचाऱ्यांनी शब्द खरा मानला होता. शेजारीच उभी असलेली धाकटी जाऊ तर मावशींहून हबकली. "अहो ताई, मला नाही जमायचं. तुम्हीच सांगा ना त्यांना!"

एका शब्दाचं काम होतं. पण तो उच्चारला की इतक्या वर्षांची नम्रता सगळ्यांसमोर उघडी पडणार! "गा की," मावशी म्हणाल्या, आणि घरी येऊन एका गिऱ्हाइकाच्या झग्याची बाही उलटी शिवून बसल्या.

वर्धापनदिनी जाऊ गायला उभी राहिली, मावशी तिच्या अगदी मागे. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्याला मात्र ती थांबली. पियानो वाजतोय आणि हिला शब्द काही आठवेनात. तिचे कान लाल झाले.

आणि मावशींना जे वाटलं त्यानं त्या स्वतःच हादरल्या. त्यांना आनंद झाला होता. अगदी मनातून उकळ्या फुटत होत्या. सकाळी गुडघे टेकून "प्रभू, तिला सांभाळ" म्हणताना मनाच्या तळाशी आपण नेमकं हेच मागत होतो! ही बाई कोण, आणि इतकी वर्षं माझ्या आत राहून 'मी शेवटची' कशी म्हणत होती?

आता खड्या आवाजात कडवं उचललं, की सगळी मंडळी आपली. गळा तयारच होता.

मावशी किंचित वाकल्या आणि जाऊच्या कानाशी पुढचे शब्द पुटपुटल्या. जाऊनं ते पकडले, आणि मग तिचा आवाज असा मोकळा झाला की मागच्या बाकावरचे पेंगणारे म्हातारेही ताठ बसले.

उपासनेनंतर लोकांनी जाऊला गराडा घातला. पाळक मावशींपाशी आले. "मधे मी घाबरलोच होतो. बरं झालं, त्यांचं त्यांना आठवलं."

खरं काय ते मावशींच्या अगदी जिभेवर आलं. "छान गायली," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी तरी तुम्ही गाल ना?"

मावशींनी सवयीनं डोळे मिटले, आणि घाईघाईनं उघडले.

"हो. मला गायला फार आवडतं, पाळकसाहेब. पण आधी तिला विचारा."

पाळक मान डोलावून निघून गेले. एकदाही 'नको' न म्हणता आपल्याच तोंडून आलेलं ते पहिलं 'हो' ऐकून मावशी मात्र बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.