वाडगा रिकामा परत करायचा नसतो

एक पांढरी चिकटपट्टी. तिच्यावर शाईनं लिहिलेलं नाव.

नखाएवढी चंदेरी कागदाची पुडी.

वर्तमानपत्रातल्या दोन ओळी. त्यात 'राहत्या घरी अचानक निधन'.

धुऊन अंथरलेला टेबलक्लॉथ. त्यावर काहीच नाही.

मित्रांनो, मी एक जुना चिनीमातीचा वाडगा आहे. डोक्यावर झाकण, कडेला निळी फुलं, एका कानाचा टवका उडालेला. ओहायो नदीकाठच्या एका कारखान्यात मी भाजला गेलो आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत आलो. आमची दरी इतकी अरुंद आहे की सूर्य दहाला येतो आणि तीनला जातो.

ऑर्लीन स्टिल्टनरला मी लग्नात मिळालो. तिनं माझ्या बुडाला चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहिलं. आमच्याकडे कुणी वारलं की शेजारणी वाडगे भरून नेतात. दुःखाच्या घरी इतके वाडगे जमतात, की कुणाचा कुठला ते कळायला हवं. मग महिन्याभरात वाडगा परत येतो, तोही भरून. रिकामा परत करायचा नसतो.

खाणीचं छत कोसळलं, मी गेलो. कुणाला कर्करोग झाला, मी गेलो.

"मेलेल्यांच्या घरी एवढं चीज घालतेस," ऑर्लीनचा नवरा हॉबर्ट म्हणायचा. "मला मेल्याशिवाय मिळायचं नाही वाटतं!"

"मर मग. ओव्हन गरमच आहे."

ते माझे चांगले दिवस.

मग खाणीत काम करताना हॉबर्टची पाठ गेली. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात एक डॉक्टर बसू लागला होता. त्यानं पाठीला हातही न लावता गोळ्या लिहून दिल्या. खाणीला दुसऱ्या दिवशी उभा राहणारा माणूस हवा होता, आणि गोळी माणसाला उभं करायची. दरीतल्या खिडक्या-खिडक्यांत मिठाशेजारी तशी एकेक बाटली आली.

पुढच्या वर्षी शेजारच्या नेड्राचा मुलगा डॅरेल खाणीत खांदा मोडून घेऊन आला. चोवीस वर्षांचा. ऑर्लीननं माझ्यात कोंबडी घालून नूडल्स भाजले आणि मला पोटाशी धरून नेलं.

"झाकणावर पुडी आहे गं. हॉबर्टच्या बाटलीतल्या चार गोळ्या."

"चालेल ना?" नेड्रानं विचारलं.

"डॉक्टरनं दिलेल्या आहेत, बाई. दारू थोडीच आहे!"

त्या घरातून मी चार वर्षं परत गेलो नाही.

त्या चार गोळ्यांनंतर डॅरेलही त्याच डॉक्टरकडे जाऊ लागला. मग खाण बंद पडली. डॉक्टर एका सकाळी कुलूप लावून नाहीसा झाला. डॅरेलच्या गोळ्या संपल्या, त्यांची भूक संपली नाही. डॅरेल पेट्रोल पंपामागे नशेची पावडर विकत घेऊ लागला. आधी त्याची हत्यारं गेली, मग वडिलांची बंदूक, मग नेड्राची अंगठी. मला भरून परत करण्याइतकं त्या घरात काही उरलं नाही. मी वरच्या फळीवर गेलो आणि डॅरेल माझ्यात पुड्या लपवू लागला. झाकण उचलताना त्याचा हात थरथरायचा आणि मी किणकिणायचो.

ती किणकिण अजून माझ्यात आहे. आत गरम बटाटे वाढले तरी आधी ती ऐकू येते.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी त्यानं झाकण उचललं. परत ठेवलं नाही.

वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, दफन झालं. नेड्रानं येणाऱ्या वाडग्यांसाठी टेबल मोकळं केलं, धुतलेला टेबलक्लॉथ अंथरला आणि खुर्चीवर बसून राहिली. बाहेर गाड्या हळू व्हायच्या, पुन्हा वेग घ्यायच्या. अशा मरणाला काय म्हणायचं ते दरीला ठाऊक नव्हतं. एक दिवस. दोन दिवस. तीन.

चौथ्या दिवशी तिनं मला घासलं. पाच वेळा घासलं. नूडल्स भाजले आणि मला उचलून ऑर्लीनच्या दारात उभी राहिली.

"तुझा वाडगा."

"अगं, ठेवायचा होतास..."

"तू आली नाहीस, ऑर्लीन."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"पुडी आणलीस तेव्हा होतं त्याच." मग आवाज खाली गेला. "गोळी गिळायला पाणी मीच दिलं होतं त्याला."

आत टेबलाशी हॉबर्ट बसला होता आणि ऑर्लीनची नात लोरीन गृहपाठ करत होती. तिच्या मनगटाला पट्टी होती. नेड्रानं आधी ती पाहिली, मग खिडकीतली हॉबर्टची बाटली.

"हिला काय झालं?"

"बॉल खेळताना पडली. कण्हत होती बिचारी. म्हणून मी अर्धीच..."

ऑर्लीन थांबली. मग तिनं ताटल्या मांडल्या आणि चौघांनी माझ्यातलं सगळं जेवण संपवलं, डॅरेलच्या मयताचं. जेवून झाल्यावर ऑर्लीननं मला धुतलं, पुसलं आणि बाटली माझ्यात उपडी केली.

"आणि माझी पाठ?" हॉबर्ट म्हणाला.

"दुखू दे," नेड्रा म्हणाली. "तुझ्यासाठी नूडल्स भाजायचे नाहीत मला एवढ्यात."

त्या दुपारी दोघी मला घेऊन दरीभर फिरल्या. चाळीस वर्षं द्यायला गेलेला मी, त्या दिवशी मागायला गेलो. प्रत्येक दारात नेड्रा एकच वाक्य बोलायची, "माझा डॅरेल गोळ्यांनी गेला. तुमच्या खिडकीतल्या द्या." काहींनी दार लावलं. एक म्हातारी रडली आणि दोन बाटल्या घेऊन आली. दुसरी तिच्या मुलीची होती, आणि मुलगी जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या घरीही तेव्हा कुणी गेलं नव्हतं. सूर्य गेला तेव्हा मी अर्धा भरलो होतो. शेरीफच्या पोलीस कचेरीत नको असलेली औषधं टाकायची लोखंडी पेटी होती, तिच्यात दोघींनी मला रितं केलं.

मित्रांनो, कुणाच्या दुखण्यावर आपल्या घरातली गोळी देऊ नका, कितीही माया असली तरी. आणि कुणी असं गेलं, तर वाडगा भरा आणि जा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी जा. झाकण गरम असलं की पुरतं.

पहिल्या दिवशी डॅरेलनं चारपैकी दोनच गोळ्या घेतल्या होत्या. उरलेल्या दोन त्यानं आईच्या गुडघ्यांसाठी ठेवल्या होत्या.