कामावर निघताना

पातेल्यावरची नजर न काढता राइमुंडने फडताळात हात घातला, डबीतून चिमूटभर घेतले आणि उकळत्या झुरमध्ये सोडले. मग त्याला दालचिनीचा वास आला.

आंबवलेल्या पिठाच्या त्या पांढुरक्या सारावर तपकिरी कण पसरत चालले होते. त्याने पळीने काठावरून ते गोळा करायचा प्रयत्न केला, तसे ते आणखी विरघळले.

"सबिना! मीठ कुठं आहे?"

"ओरडतोस कशाला? इथंच तर बसलेय," मागून आवाज आला. "मीठ वरच्या फळीवर. रोज लागतं ते डोळ्यांसमोर असावं माणसाच्या."

"रोज लागतं ते मला न बघता सापडत होतं."

"मग आता बघून घे. डोळे दिलेत ना देवाने?"

राइमुंडने गॅस बारीक केला आणि वरच्या फळीकडे पाहिले. डब्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. डेपोत ट्रामगाड्या उभ्या करतात तशा, एकीच्या मागे एक. सबिनाने आयुष्यभर ट्राम चालवली होती. दीड महिन्यापूर्वी, पंचावन्न पूर्ण होताच, ती निवृत्त झाली. चालकांना लवकर सुटता येते. गुडघेही कुरकुरत होते, आणि सगळ्यांनी सांगितले की घे बाई, मिळतेय तर घे. डेपोत केक कापला, एक फुलदाणी दिली. ती फुलदाणी आता राइमुंड जिथे कांदे ठेवी तिथे उभी होती.

तो स्वतः कोळशाच्या खाणीतून सुटला त्याला अकरा वर्षे झाली होती. विशीत खाली उतरला, जमिनीखालची पंचवीस वर्षे भरली आणि खाणकामगारांच्या रिवाजाप्रमाणे ऐन उमेदीत घरी बसला. पहिले वर्ष वाईट गेले. पहाटे चारला जाग यायची आणि काय करावे ते सुचायचे नाही. मग हळूहळू, कुणाला न विचारता, त्याने हे घर शिकून घेतले. रविवारचे बटाट्याचे गोळे त्याच्या हातचे जमू लागले, लाल कोबी त्याच्याच हातचा व्हायला लागला. सबिना संध्याकाळी थकून यायची, जेवायची, "छान झालंय" म्हणायची. ती घरात नसायची त्या आठ-नऊ तासांत राइमुंडचे सगळे आयुष्य बसवलेले होते. आता ती घरात होती. सकाळी होती, दुपारी होती, तो बटाटे सोलायला बसला की साल जाड निघते असे सांगायला होती.

"यात दालचिनी पडलीय का?" जेवताना पहिला चमचा घेतल्यावर सबिनाने विचारले.

"पडलीय."

"मुद्दाम?"

राइमुंडने पाव मोडला, त्याचे दोन तुकडे केले, मग चार केले. "वेगळं काहीतरी करून पाहिलं," तो म्हणाला.

*

शहराच्या कडेला, जुन्या कोळशाच्या टेकाडापलीकडे त्याचा बागेचा तुकडा होता आणि त्यात एक लाकडी खोपटी. शेजारच्या तुकड्यातला हुबर्ट दुपारी तिथे बिअर घेऊन येई. त्या दिवशी तो दारातच थबकला आणि खिडकीकडे पाहत राहिला. खिडकीला नवे पडदे होते. पांढऱ्यावर लाल खसखशीची फुले, खाली झालर.

"काय रे, लग्न काढलंयस की काय खोपटीचं?"

"बस गप."

"नाही, म्हणजे लोक बायकोच्या कटकटीला कंटाळून इथं येतात," हुबर्ट बाकावर बसत म्हणाला. "तुझी बायको तुझ्या आधी येऊन पडदे लावून गेली."

"फावडी धुतली तिनं माझी. फावडी! धुऊन, तेल लावून भिंतीला टांगली. प्रत्येकाला खिळा."

हुबर्ट इतका हसला की बिअर नाकात गेली. त्याची सुटका वेगळ्या वाटेने झाली होती. त्याची खाणच बंद झाली. सरकारने चार वर्षे भरपगारी घरी बसवले आणि मग निवृत्तीवेतन चालू केले. कामावरचा शेवटचा दिवस कुठला, हे त्याला आजही सांगता येत नसे. राइमुंडची बहीण गिझेला दुकानात गल्ल्यावर बसे. तिला साठीपर्यंत थांबणे भाग होते. सणाला सगळे जमले की ती भावाकडे बोट दाखवून म्हणे, 'हे बघा आमचे तरुण पेन्शनर.'

"डेपोवाल्यांना माणूस हवंय म्हणालास ना?" हुबर्टने तोंड पुसत विचारले.

"हवंय. चालकच मिळत नाहीत. ड्यूट्या लावणाऱ्या त्या हालिनाबाईंनी विचारलंय, फक्त सकाळची पाळी, पहाटे ते दुपार. शुक्रवारी फोन करणार आहेत, तेव्हा हो की नाही ते सांगायचं."

"मग? सबिना काय म्हणते?"

"बघू म्हणते. मला विचारते, तुझं काय मत."

"आणि तू?"

राइमुंडने बाटलीवरचा कागद नखाने खरवडला. "तुला हवं ते कर म्हटलं."

"गाढव आहेस. सांग ना, जा म्हणून!"

"कसं सांगू? बाई तीस वर्षं राबून घरी आली आणि तिला म्हणू, बाहेर हो?"

"मग पडद्यात बस," हुबर्ट म्हणाला आणि त्याने झालरीला बोट लावून पाहिले. "शिवण मात्र सुरेख आहे हं."

*

शुक्रवारी दुपारी राइमुंड बाजारातून परतला तेव्हा स्वयंपाकघरातले टेबल भिंतीपासून निघून खिडकीखाली गेले होते. टेबलावर तेच लाल फुलांचे कापड पसरलेले होते आणि सबिना तोंडात टाचण्या धरून ते मापत होती. तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा राहिला. पिशव्या ठेवायला, जिथे तो रोज ठेवत असे, तिथे जागा नव्हती.

"उजेड किती येतो बघ आता," टाचण्यांमधून ती म्हणाली.

"जा ना परत," राइमुंड म्हणाला.

सबिनाने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. "काय म्हणालास?"

"डेपोत. जा परत. सकाळची पाळी घे. मला माझं टेबल होतं तिथं हवंय."

"तुझं टेबल."

"हो, माझं! आणि मीठ खाली हवंय. आणि माझी फावडी मला मळलेली हवीत!"

त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता, तो एकाएकी बारीक झाला.

सबिना खुर्चीवर टेकली. ती रडेल असे त्याला वाटले, पण तिने कापड बाजूला ढकलले आणि दोन्ही कोपरे टेबलावर रोवली.

"बरं झालं बोललास," ती म्हणाली. "आता मी बोलते. माझ्या आईचं शिवणयंत्र तू विकलंस."

"काय?"

"काळं, पायाचं. तळघरात ठेवलं होतं. भंगारवाल्याला दिलंस आणि त्या पैशांत मोटरसायकलचा आरसा आणलास."

"अगं, त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली!"

"झाली ना. मी त्या रात्री जागीच होते. सकाळी तुझी डबा-पिशवी भरून दिली, कॉलर नीट केली आणि म्हटलं, सांभाळून ये."

राइमुंडने पिशव्या जमिनीवर ठेवल्या. त्याला ती सकाळ आठवत नव्हती, कारण सगळ्या सकाळी तशाच असत. खाली उतरणाऱ्या माणसाला भांडण अर्धवट ठेवून कुणी दारातून पाठवत नसे. त्यांच्या वसाहतीत हे कुणाला शिकवावे लागत नव्हते. तिसऱ्या जिन्यावरच्या एल्फ्रीदाने एकदा नवऱ्याच्या पाठीवर दार आपटले होते. तो वर परतलाच नाही; तेव्हापासून ती दार लावताना कडीवर आतून हात धरी, आवाज होऊ नये म्हणून, आणि ते ऐकायला घरात दुसरे कुणी नसे.

"तू रोज जायचास," सबिना म्हणाली. "आज रात्री बोलू म्हणावं, तर उद्या सकाळी आहेच. रविवारी बोलावं, तर सोमवार आहे. मी म्हणायची, निवृत्त होऊ दे याला, मग बघते."

"मग अकरा वर्षं बघितलं का नाहीस?"

"थकून यायची रे. आणि तू इतका चांगला झाला होतास तोवर. रोज गरम सूप. कुणाशी भांडू?"

"चांगला!" राइमुंड म्हणाला. "मी चांगला होतो? युदिता जर्मनीला चालली, मायलेकींनी मिळून सगळं ठरवलं, आणि तिकीट काढल्यावर मला सांगितलंत! माझी एकुलती एक मुलगी! तुला काय वाटतं, मला काही वाटलं नाही?"

"तू एक शब्द बोलला नाहीस तेव्हा."

"पहाटेची पाळी होती तुझी! बाहेर बर्फ होतं, रुळांवर काचेसारखं. गाडीत शंभर माणसं घेऊन तू जाणार. तेव्हा बोलू?"

सबिना त्याच्याकडे पाहत राहिली. तिने नकळत टेबलावरची एक टाचणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"म्हणजे तूसुद्धा?" ती हळूच म्हणाली.

"मग काय तू एकटीच?"

पलीकडचा रेडिओ आता पूर्ण बंद झाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. तो कापडाखाली होता. राइमुंडने कापड उचलून पाहिले. हालिनाबाईंचे नाव दिसत होते. आठवडाभर तो याच फोनची वाट पाहत होता. त्याने तो सबिनापुढे धरला.

"हं हालिना. हो, मीच... बोललो आम्ही त्यावर. आत्ताच बोलत होतो." तिची नजर राइमुंडवर होती. "सोमवारपासून? पहाटेची?"

सोमवारी पहाटे म्हणजे रविवारी संध्याकाळपासून दोघांना मऊ व्हावे लागेल. तिच्या पिशवीत सफरचंद ठेवावे लागेल, दारात उभे राहून सांभाळून ये म्हणावे लागेल. ते राइमुंडला उत्तम येत होते. टेबल पुन्हा भिंतीला लागले असते आणि मीठ खालच्या फळीवर आले असते. त्याने स्टूल पुढे ओढले, खिडकीखालच्या त्या टेबलाशी सबिनासमोर ठेवले आणि जमिनीवर पाय रोवून त्यावर बसला.

"नाही ग," सबिना फोनमध्ये म्हणाली. "नाही जमायचं. घरी काम निघालंय... छे छे, तब्येत ठणठणीत आहे दोघांची. बरंच काम आहे, कधी संपेल सांगता येत नाही."

तिने फोन पालथा ठेवला.

"कुठं होतो आपण?"

"शिवणयंत्रावर," राइमुंड म्हणाला. "पण थांब, त्याच्याही आधीचं एक आहे माझ्याकडे."