रोडाच्या गालावरची खळी

मी एक जुनं तैलचित्र आहे. खरं म्हणजे होतो. आता मी नुसता एक काळा चौकोन आहे, आणि ज्या भंगारवाल्याच्या दुकानात मी पडलोय तोही मला तेवढंच म्हणतो. माझी सोनेरी चौकट गेल्या आठवड्यात एका बाईंनी आरशाला लावायला नेली. मलाही नेता का म्हणून भंगारवाल्याने विचारलं तर म्हणाल्या, "नको, हे राहू दे." मित्रांनो, तुम्ही निदान घटकाभर बसा. माझी गोष्ट फार लांब नाही, आणि तिचा शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

यॉर्कशायरमधल्या नेअर्सबरो गावात, निड नदीच्या काठी, जेबेझ अंबलर यांचे माग होते. तिथे जवसाच्या धाग्याचं कापड विणलं जाई. त्या कापडाचा मी एक तुकडा. माझ्या बरोबरीच्या तुकड्यांच्या कुठे चादरी झाल्या, कुठे टेबलावरची आच्छादनं झाली. मला मात्र लाकडी चौकटीवर ताणलं, सरस फासला आणि वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. पुढे माझ्यावर जो रंग चढला त्यातलं तेलही जवसाचंच. कापड जवसाचं, तेल जवसाचं, म्हणजे मी आतून-बाहेरून एकाच रोपाचा. याची मला तेव्हा भारी मिजास होती.

अंबलरसाहेबांना एकच मुलगी, रोडा. वय एकोणीस. तिला कवितांचा नाद होता, आणि त्या ती घरभर फिरत म्हणे, कारण एका जागी बसणं तिला जमतच नसे. त्या वर्षी गावात एक फोटोवाला आला होता. सगळं कुटुंब त्याच्यापुढे बसलं. त्या काळी वीस आकडे मोजून होईपर्यंत पापणीही हलवायची सोय नव्हती. आईवडील दगडासारखे बसले. रोडाला चौदाव्या आकड्याला हसू फुटलं. फोटोत आईवडील ठसठशीत उमटले आणि त्यांच्या मधोमध, एका छान झग्याच्या वर, नुसतं धुकं. डॉर्कस आत्या, म्हणजे अंबलरसाहेबांची थोरली बहीण, ही जिभेला हाड नसलेली बाई. ती म्हणाली, "चला, आपल्या घरात भूत नव्हतं, तेही आलं." सगळे पोट धरून हसले, आणि फोटो कपाटात गेला. तो फोटो तेवढा ध्यानात ठेवा.

मग अंबलरसाहेबांनी ठरवलं की मुलीचं तैलचित्रच काढून घ्यायचं. लीड्सहून सायलस हार्कर नावाचा तरुण चित्रकार आला. साहेबांची अट एकच होती. चित्र जुन्या उस्तादांसारखं दिसायला हवं, म्हणजे तपकिरी. गावातल्या एका बड्या घरी दोनशे वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. धुराने आणि वयाने ते इतकं काळवंडलं होतं की त्यात घोडा आहे की संत, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. तरी लोक त्याच्यापुढे टोपी काढून उभे राहत. जेवढं तपकिरी तेवढं थोर, अशी त्या काळी भल्याभल्यांची समजूत होती.

आता नवंकोरं चित्र जुनं दिसावं कसं? सायलसकडे एक रंग होता, डांबरापासून केलेला. लावला की खोल, मऊ, मधासारखा चमकायचा. यॉर्कमधल्या त्याच्या म्हाताऱ्या गुरूने त्याला बजावलं होतं की या रंगाच्या नादी लागू नकोस, वरून सुकल्यासारखा दिसतो पण आतून कधीच वाळत नाही. सायलसला हे पक्कं ठाऊक होतं. पण त्याला लंडनच्या उन्हाळी प्रदर्शनात जायचं होतं, आणि घाई होती. त्याने तो रंग माझ्या केसांत घातला, सावल्यांत घातला, डोळ्यांच्या कडांना लावला. शेवटी दोन्ही गालांच्या तळाशीही त्याचा एक हात दिला.

डॉर्कस आत्या रोज डोकावून जाई. एकदा म्हणाली, "पोरगी आमची दुधासारखी, आणि हा तिला काकवीत बुडवतोय."

सायलस हसून म्हणाला, "आत्याबाई, शंभर वर्षांनी बघा हे चित्र."

"शंभर वर्षं कोण जगतंय बाबा? मला ती आत्ता दिसू दे."

रोडाच्या एकाच गालाला खळी पडायची. ती हसली की यायची आणि गप्प झाली की जायची. त्या खळीपायी सायलसने तीन दिवस घालवले. काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा काढायचा. रोडा कंटाळून म्हणाली, एवढ्याशा खड्ड्यासाठी काय जीव काढताय? तेव्हा तो म्हणाला, "बाकीचा चेहरा कुणाचाही असू शकतो. ही खळी तेवढी तुझी आहे." चौथ्या दिवशी जमलं. रोडाची आई मर्सीबाई बघायला आल्या. त्यांनी आधी माझ्या गालाजवळ बोट नेलं, मग रोडाच्या गालाला लावलं. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

लंडनच्या प्रदर्शनात माझी निवड झाली. अंबलर मंडळी आगगाडीने मला बघायला आली. तिथे जमिनीपासून छतापर्यंत भिंती चित्रांनी भरलेल्या. नावाजलेल्यांची चित्रं डोळ्यांसमोर, नवख्यांची पार छताशी. मी छताशी. रोडाने मान इतकी मागे टाकली की तिची टोपी खाली पडली. ती म्हणाली, मला नुसती माझी हनुवटीच दिसतेय, आणि हसत सुटली. खाली तिच्या गालाला खळी पडली आणि वर माझ्या गालावर तीच खळी होती. एका वर्तमानपत्राने माझ्याबद्दल एक ओळ छापली, की वरच्या रांगेतलं एक तपकिरी चित्र बरं आहे. साहेबांनी ती ओळ कापून बायबलमध्ये जपून ठेवली.

घरी आणल्यावर मला मानाची जागा मिळाली. आमच्याकडे मानाची जागा एकच, बैठकीच्या खोलीत शेगडीच्या बरोबर वरची भिंत. त्या भिंतीतल्या शेगडीत कोळसा जळे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाई. मीही ताठ मानेने तिथे चढलो. मला तरी कुठे काय कळत होतं?

त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत नदीकाठच्या घरांत तापाची साथ आली. रोडा नऊ दिवसांत गेली.

मग मर्सीबाई रोज दुपारी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसू लागल्या. माझ्याशी बोलायच्या. कुणाकडे बाळ झालं, चॅपलमधल्या प्रार्थनेला कोण पेंगलं, आज ओटच्या भाकऱ्या कशा करपल्या, सगळं सांगायच्या. मी ऐकायचो आणि खळी पाडून हसायचो, कारण मला तेवढंच येत होतं. हिवाळा आला. मर्सीबाईंना थंडी सोसायची नाही आणि माझ्यासमोरून उठवायचंही नाही. म्हणून शेगडीत कोळसा जास्त पडू लागला. मला छान ऊब लागायला लागली. तुम्हाला वाटेल, बरंच झालं. नाही हो. माझ्या अंगातलं डांबर त्या उबेने जागं झालं.

आधी केसांत भेगा पडल्या, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा. मग हनुवटीची सावली खाली ओघळली. मला जीव तोडून सांगायचं होतं, की बाई, मला इथून काढा आणि मागच्या थंड खोलीत टांगा. पण मला तोंड होतं ते रंगवलेलं. त्या माझ्यासाठी तिथे बसत होत्या, बसता यावं म्हणून आग पेटवत होत्या, आणि त्या आगीने मी चाललो होतो. अडगळीत टाकलं असतं तर मी वाचलो असतो. हे मी कुणाला सांगू?

तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक काळा थेंब सुटला आणि गालावरून हळूहळू खाली आला. मर्सीबाईंनी कप खाली ठेवला.

"डॉर्कस, इकडे ये. ती रडतेय."

आत्याने चष्मा लावला. जन्मात पहिल्यांदाच तिने थट्टा केली नाही. "रंग आहे गं तो, मर्सी."

"तिला थंडी वाजत असेल," मर्सीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उठून शेगडीत आणखी कोळसा घातला.

असे आणखी दोन हिवाळे गेले. शेवटी साहेबांनी सायलसला पत्र लिहून बोलावलं. तो आता नावारूपाला आला होता. दाढी राखली होती, मखमली कोट होता. दारातूनच त्याने मला पाहिलं आणि तो जागीच थबकला. जवळ येऊन त्याने माझ्या गालाला बोट लावलं. बोटाला काळा चिकटा आला. त्याने मला उतरवलं, कापसाला औषध लावून गाल पुसला. काळं निघालं, आणि काळ्याबरोबर गालही निघाला. दुसऱ्या बाजूचंही तेच झालं. शेगडीच्या उष्णतेने हा रंग वितळतो, हे त्याने मान खाली घालून सांगितलं. मर्सीबाईंनी शेगडीकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्या तिकडेच पाहत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "पुन्हा काढा तिला. तुम्ही तीन महिने तिला समोर बसवून बघितलंय."

सायलस आठवडाभर खपला. आठव्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावलं. माझ्यावर एक सुरेख मुलगी होती. लांब मान, मोठे उदास डोळे, त्याच्या सगळ्या चित्रांत असायचे तसे. मर्सीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. परक्या पोरीशी बोलावं तशा अदबीने त्या म्हणाल्या, "छान आहे. कोण ही?"

सायलसने ब्रश खाली ठेवला. "बाई, मला तिचा चेहरा आठवत नाही. तेव्हापासून मी दोनशे चेहरे काढलेत." मग तो म्हणाला, "हा रंग वाळत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं."

अंबलरसाहेब खिडकीशी उभे होते. मागे न वळता ते म्हणाले, "तपकिरी हवं, असं मीच सांगितलं होतं."

डॉर्कस आत्या एवढंच म्हणाली, "शंभर वर्षं म्हणाला होतास रे. सहासुद्धा झाली नाहीत."

त्या परक्या मुलीला त्याने माझ्या अंगावरून पुसून टाकलं. खाली उरलं ते नुसतं काळं लडबडलेलं कापड. तरी मला पुन्हा त्याच भिंतीवर टांगलं, कारण मर्सीबाईंना ती भिंत मोकळी बघवेना. मात्र त्या खोलीतली शेगडी त्यांनी पुन्हा कधी पेटू दिली नाही. तीन शाली पांघरून, चहा गार होईपर्यंत, त्या माझ्यासमोर बसत. त्यांचा श्वास मला वाफेसारखा दिसे. आता जपण्यासारखं माझ्यात काही उरलं नव्हतं, पण त्या जपत राहिल्या.

अशाच एका दुपारी त्यांनी विचारलं, "डॉर्कस, तिची खळी डाव्या गालावर ना गं?"

"उजव्या," आत्या म्हणाली.

मर्सीबाईंचा चेहरा असा पडला की दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःहून म्हणाली, डाव्याच असेल, माझीच चूक. ते तर आणखी वाईट झालं. साहेबांना विचारलं. त्यांनी कपाटातून तो जुना फोटो काढला. खिडकीच्या उजेडात धरला, तिरपा केला, भिंगातून पाहिला. आईवडील ठसठशीत, आणि मधोमध धुकं.

शेवटी तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तो क्षण मला विसरता येत नाही. ही एकच गोष्ट सांगण्यासाठी तर मला जन्माला घातलं होतं. मी माझ्या अंगात सगळीकडे शोधलं. केस शोधले, सावल्या शोधल्या, दोन्ही गालांच्या जागा शोधल्या. सगळीकडे डांबर होतं.

मर्सीबाई दुसऱ्या वर्षी गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी दोनदा तेच विचारलं आणि कुणाला उत्तर देता आलं नाही. मग साहेब गेले, मग आत्या, आणि घरातल्या सामानाबरोबर मी इथे आलो.

माझ्यासारख्यांची गोष्ट संपताना काही मागायची पद्धत आहे. चित्रं जपा, उष्णतेपासून लांब ठेवा, असं मी सांगायला हवं. सांगून काय करू? मला तर फार जपलं होतं. मी वेगळंच मागतो. आज घरी गेलात की आपल्या माणसाच्या तोंडाकडे एकदा नीट बघा. आईच्या कपाळावरचा व्रण कोणत्या भुवईवर आहे? बहीण हसली की खळी कोणत्या गालाला पडते? आत्ता, इथे बसल्या बसल्या, न बघता सांगता येतंय का?

बहुतेक नाही येणार. मर्सीबाईंनाही आलं नव्हतं, आणि त्या तर रोज बघत होत्या. रोडाला एक खळी होती, एवढं मला पक्कं आठवतं. ती कोणत्या गालावर होती हे आता जगात कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.