अक्काच्या मशीनची होडी

आयुधपूजा झाल्यावर हत्याराला हात लावायचा नाही, हे अंबुबाईला कुणी शिकवायला नको होतं. कब्बनपेठेतल्या त्यांच्या गल्लीत त्या दिवशी सुतार रंधा उचलत नाही आणि न्हावी वस्तरा. मशीन पुसायची, हळद-कुंकू लावायचं, शेवंतीचा हार घालून अक्षता टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत तिला विश्रांती द्यायची. पण गरजवंताला अक्कल नसते. चौऱ्याण्णव सालच्या त्या आयुधपूजेला, नवरा सूर्यकांत देवळात गेल्याचं पाहून अंबुबाईनं दार लोटलं, हार बाजूला सारला आणि पायडलवर पाय ठेवला.

तिलाही काही हौस नव्हती. जयनगरातला एक कापडवाला दसऱ्याच्या मुहूर्तावर नवं दुकान उघडत होता आणि काचेत मांडायला त्याला रेशमी ब्लाउज हवे होते. अंबुबाईची जुनी मशीन इतका बारीक टाका घालायची की रेशमावर सुईचं भोक दिसत नसे, आणि तेवढ्यासाठीच तो तिच्या दारी आला होता. कापड मात्र त्यानं आदल्या दिवशी आणून टाकलं. उद्या सकाळी ब्लाउज आले तर वर्षभराचं काम तुमचं, नाहीतर दुसऱ्या बाईला सांगून ठेवलंय, असं हसतहसत सांगून गेला. सूर्यकांत कामाला होता ती गिरणी बंद पडल्यापासून घरातली चूल त्या मशीनवर पेटत होती. ही संधी गेली तर पुढं काय, याचा विचारसुद्धा अंबुबाईला नकोसा वाटत होता.

चाक दोनदा फिरलं नाही तोच आत कट्ट असा आवाज झाला. मशीन गच्च अडकली. अंबुबाईनं पुढची सरकती पट्टी ओढून आत पाहिलं. हळदीनं पिवळी झालेली एक अक्षता फटीतून आत पडली होती आणि नेमकी शटलच्या वाटेत अडकली होती. या जुन्या मशीनचं शटल आताच्यासारखं गोल नसतं. ते लांबट, टोकदार असतं. तिचे अप्पा त्याला होडी म्हणत. ही होडी खालचा दोरा घेऊन लोखंडाच्या एका छोट्या पाळण्यात बसून सुईखाली मागे-पुढे झुलते. होडी शाबूत होती, पण पाळण्याची दांडी तुटून पडली होती. देवानं हातोहात शिक्षा केली, असं तिला वाटलं आणि तिला रडूच आलं.

रडून ब्लाउज शिवले जात नाहीत. तुटका पाळणा आणि होडी पदरात घेऊन ती पलीकडच्या गल्लीत हंबीरअण्णांकडे गेली. अप्पांच्या काळापासून गावातल्या जुन्या मशीनी त्यांच्याच हाताखालून जात. त्यांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पाटावर कुंकू लावून ओळीनं मांडलेले होते. आज मी यांना शिवणार नाही, पण डोळ्यांची काही पूजा केलेली नाही, असं म्हणून त्यांनी तुटका तुकडा उजेडात धरला. मग त्यांनी जुन्या भागांचा पत्र्याचा डबा तिच्यापुढे ओतला आणि एकेक पाळणा काढून तिच्या तुकड्याशेजारी ठेवत गेले. एक तर थेट जुळला. अंबुबाईनं होडी पुढं केली. हंबीरअण्णांनी त्यात होडी ठेवून बोटानं हलवून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. पाळण्यात होडी जराशी सैल बसली पाहिजे, दोरा तिला वळसा घालून निघतो. यात ती घट्ट बसत होती. दोन मशीनी बाहेरून जुळ्या दिसतात आणि आतून परक्या निघतात, म्हणाले. तसा पाळणा रविवारच्या बाजारात, भंगारात कधीतरी सापडेल, पण आज नाही.

शेजारपाजारची मशीन मागायची सोय नव्हती. पुजलेली मशीन कोण देणार? आणि बाकीच्यांच्या नव्या मशीनींचा टाका दुकानदारानं ओळखलाच असता.

हंबीरअण्णांनी ओतलेले भाग पुन्हा डब्यात भरले. मग म्हणाले, "तुझ्या मशीनची खरी जोडीदार एकच आहे. देवनहळ्ळीला, तुझ्या अक्काकडं. कापड घेऊन जा आणि तिथंच शीव. ही होडी मात्र बरोबर ने."

अक्काच्या मशीनला तिची होडी असेलच की, असं अंबुबाई म्हणाली. हंबीरअण्णांनी होडी तिच्या मुठीत दाबली. हिच्यावर रेशमासाठी दोऱ्याचा ताण बसवलेला आहे, दुसरी लावत बसशील तर वेळ जाईल, एवढंच बोलले आणि आत निघून गेले.

मॅजेस्टिकच्या बसस्थानकातून सुटलेल्या बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधले होते. चौकाचौकात फोडलेल्या कोहळ्यांचा आणि कुंकवाचा राडा पडला होता आणि बस तो चुकवत मुंगीच्या पावलानं चालली होती. मांडीवरच्या पिशवीत कापलेलं रेशीम होतं. अंबुबाईला मात्र चिंता अक्काच्या दाराची होती. थोरली बहीण विठाबाई तिच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हती, आणि त्यात चूक कुणाची होती हे अंबुबाईला पक्कं ठाऊक होतं.

अप्पांनी दोन्ही मशीनी एकदमच घेतल्या होत्या, त्यांच्यावर कोरलेले आकडेसुद्धा लागोपाठचे. लग्नात प्रत्येक मुलीला एकेक दिली. खरं तर शिवणात विठाबाईचा हात सरस. पण ती पडली द्राक्षमळ्यांच्या घरात. अंबुबाईनं जेव्हा पाहावं तेव्हा अक्काची मशीन आपली पुसून-पासून देवघराशेजारी बसलेली. मग विठाबाईच्या घरी, सुनेच्या पहिल्या हळदी-कुंकवाला, भरल्या बायकांत अंबुबाई बोलून गेली, "आमच्या अक्काकडं मशीनसुद्धा लाडाची. बसून खाते, काम म्हणून करत नाही." बायका हसल्या. विठाबाई हसली नाही. तेव्हापासून दोघींचं येणं-जाणं तुटलं. आता त्याच मशीनसाठी नाक मुठीत धरून जायची पाळी आली होती.

ती पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सून प्रतिमानं दार उघडलं, मावससासूला ओळखायला तिला क्षणभर लागला, आणि ती आत वर्दी द्यायला पळाली. विठाबाई बाहेर आली. केस पुरते पांढरे झाले होते. तिच्या मागे देवघराशेजारी मशीन दिसत होती, हारात, कुंकवात, आरशासारखी लखलखीत.

अंबुबाईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "अक्का, आज तुझ्या मशीनवर बसू दे. एवढंच मागायला आलेय."

"पूजा झालीय तिची."

"माझ्याही मशीनची झाली होती," अंबुबाई म्हणाली, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. अक्षता, पाळणा, दुकानदार, सूर्यकांतची गिरणी, काही लपवलं नाही.

विठाबाईनं खाली पाहत ऐकून घेतलं. "मशीन चालत नाही, अंबू."

अंबुबाईच्या डोक्यात तिडीक उठली. इतक्या लांब तोंड घेऊन यावं आणि असं उत्तर मिळावं? द्यायची नसेल तर तसं सांग, म्हणाली, नवीच्या नवी मशीन चालत नाही म्हणून कशाला सांगतेस. मशीन नव्हे, तुझं मनच चालत नाही, हेही ओठांवर आलं होतं. पण जिभेला हाड नसतं याचा एकदा अनुभव घेऊन झाला होता, म्हणून तिनं ते गिळलं.

विठाबाई वळली. देवापुढच्या वाटीतल्या अक्षता घेऊन तिनं मशीनला वाहिल्या, हात जोडले आणि दोन्ही हातांनी मशीन जागची जराशी हलवली. उत्तरपूजा झाली. तिनं हार काढला, पडलेल्या अक्षता फडक्यानं एकेक करून टिपल्या, मग पुढची पट्टी सरकवली आणि बाजूला झाली.

अंबुबाई वाकली. पाळणा जागेवर होता, तेल दिलेला, न झिजलेला. पण तो रिकामा होता.

"होडी कुठाय?"

"तुझ्या पिशवीत," विठाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते थोडकंच. अंबूच्या लग्नाच्या तोंडावर तिला द्यायच्या मशीनच्या होडीचं टोक तुटलं. अप्पांनी अख्खं गाव पालथं घातलं, पण तशी होडी मिळेना. शेवटी ते हंबीरअण्णांना घेऊन देवनहळ्ळीला आले. विठा, तुझ्या घरी मळे आहेत, अंबूला हातांवर पोट भरायचंय, असं म्हणाले आणि हंबीरअण्णांनी विठाबाईच्या मशीनमधली होडी काढून दिली. नवी मिळाली की आणून देतो, पण धाकटीला कळू देऊ नकोस, कळलं तर ती घेणार नाही, अशी अप्पांनी शपथ घातली. देवाघरी जाईपर्यंत ते शोधतच होते.

अंबुबाईनं पिशवी खाली ठेवली. ती स्टुलावर बसली. इतकी वर्षं जिच्यावर आपण पोट भरलं, ती होडी अक्काची होती, आणि त्याच अक्काला आपण चारचौघींत तसं बोललो.

"अक्का, मी त्या दिवशी..."

"बोललीस खरी," विठाबाई म्हणाली. "स्वल्प लागलं."

ते थोडं लागलं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

अंबुबाईनं होडी काढली आणि पाळण्यात ठेवली. बोटानं हलवली. हवी तेवढीच सैल, जशी हंबीरअण्णांनी सांगितली होती. दोरा ओवला, चाक हातानं एकदा फिरवलं. खालचा दोरा अलगद वर आला. बाहेर उजेड उतरत चालला होता आणि ब्लाउज अजून सगळे शिवायचे होते. तिनं पायडलवर पाय ठेवला, तेव्हा विठाबाई मागून हळूच म्हणाली, "एखादी चिंधी आहे का गं? एकच शिवण घालून बघते. हात राहिलाय का बघते."

पिशवीत चिंध्या पुष्कळ होत्या. अंबुबाईनं पिशवीत हात घातला आणि दोन क्षण तो तसाच राहिला. रेशमावर चुकलेली शिवण उसवता येते, पण सुईची भोकं बुजत नाहीत, आणि दुकानदाराची नजर तर घारीची. हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? तिनं पहिल्या ब्लाउजचे कापलेले भाग काढले, बगलेची कड जुळवून सुईखाली ठेवली आणि स्टुलावरून उठली.

"हे रेशीम आहे, अंबू."

"माहीत आहे. बस."

विठाबाई बसली. तिनं रेशमाची कड बोटांनी पुन्हा सपाट केली. मग पाय पायडलवर टेकले. पट्टा फिरू लागला, टाके एकामागून एक पडत गेले, बारीक आणि सरळ, कडेपर्यंत. विठाबाईनं दोरा कापला आणि शिवण उजेडाकडे धरली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती.

पुढं शिवायला अंबुबाई आणि हातशिलाईला विठाबाई, असं काम चाललं. शेवटच्या ब्लाउजला हुक लागले तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. प्रतिमानं ब्लाउज घडी घालून पिशवीत भरले. शेवटच्या बसला अजून अवकाश होता. अंबुबाईनं चपला घातल्या.

विठाबाईनं पट्टी सरकवून होडी बाहेर काढली. "ही विसरलीस."

"विसरले नाही," अंबुबाई म्हणाली. "उद्या ब्लाउज देऊन इथंच येते. पाळणा सापडेपर्यंत रोज येईन. तू बसू देशील ना?"

विठाबाईनं होडी पुन्हा पाळण्यात ठेवली आणि पट्टी लावून घेतली. "जेवायलाच ये," म्हणाली.