खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर; उणे ऐंशी अंशांची थंडी पोटात बाळगून मोशीच्या एका संशोधन संस्थेत जन्म घालवलेला. पलीकडे चाकणला मोटारी घडतात. आमच्याकडे डॉ. सुहासिनी स्तनांत दूध आणणाऱ्या संप्रेरकाचे जनुक वाचत. गाय, म्हैस, शेळी, उंटीण: प्रत्येकीच्या जनुकाच्या प्रती त्या जीवाणूंत वाढवीत, अक्षर न् अक्षर ताडून पाहत आणि कुप्या माझ्या स्वाधीन करीत.

त्या गोठलेल्या शांततेत मला स्वप्ने पडत. म्हैस आणि उंटीण एकच अंगाई गुणगुणत. मधूनच एखादा सूर वेगळा लागे. उत्क्रांतीतले कोट्यवधी वर्षांचे अंतर माझ्या एका कप्प्यात निजलेले असे. पाहुणे ‘अनमोल ठेवा!’ म्हणत माझ्याशेजारी छायाचित्रे काढीत. दाराचे झिजलेले रबर मात्र कोणाला दिसले नाही.

शेवटी एक कुपी आली. वाहनाखाली मेलेल्या मादी खवले मांजराच्या मेंदूखालच्या, ते संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथीचा तो एकुलता एक तुकडा. त्यातल्या, थंडी सुटताच विरणाऱ्या नाजूक आरएनए-संदेशावरूनच जनुकाची प्रत काढता येणार होती.

“दसरा झाला की तुझीच पाळी हं, बाई,” सुहासिनी कुपीला म्हणाल्या आणि सुट्टीवर गेल्या.

खंडेनवमी उजाडली. या कारखान्यांच्या पट्ट्यातली रीत अशी, की यंत्र पुसावे, थांबवावे, पूजावे. आमच्याकडे देखभाल पाहणारा जयदीप आधी कारखान्यात नोकरी करून आलेला. त्याने मला कुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि भक्तिभावाने बटण बंद केले.

“वर्षभर राबतोय, राव. आज यालापण सुट्टी!”

मी बॅटरीवरची धोक्याची घंटा वाजवली.

“बघा, खूश झाला!” म्हणत त्याने तीही बंद केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुहासिनींनी दार उघडले. पावलांवर पाणी ओघळले.

“कोणी बंद केला हा?”

“मीच, मॅडम. चालू मशीनची पूजा कशी करायची?”

“घरचं माणूस व्हेंटिलेटरवर असतं, तर खंडेनवमीला तोही बंद केला असतात?”

“आईशप्पथ, मॅडम... मला वाटलं, साधा फ्रीजच हाय.”

बाकीच्यांचे जनुक वाचून झाले होते. त्या खवले मांजराच्या मादीचा संदेश मात्र न वाचताच विरून गेला. तुलनेच्या तक्त्यात तिची ओळ कोरी राहिली. संचालकांनी निवाडा दिला, “फ्रीझर जुनाच होता.” परवा मी देव होतो, आज भंगार आहे.

मित्रांनो, आम्हाला खुशाल हार घाला. पण हात जोडण्याआधी, हे यंत्र कोणासाठी जागे आहे, एवढे विचारा. विचारणे हीदेखील पूजाच आहे, आणि तिला मुहूर्त लागत नाही.